रात्रभराचा वग, तेरा आठवडे आणि आठ भाग

गोष्ट किती लांब असावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे झालाच तर तो कलेच्या अंगाने झाला. कथा आणि दीर्घकथा यांत फरक कोणता, कादंबरीचा ऐसपैसपणा कशात असतो, यावर आमच्या विद्यापीठांतून प्रबंध निघाले, परिसंवाद झडले. पण गोष्टीची लांबी ठरवतो कोण? सांगणारा, ऐकणारा, की ज्याच्या हातात पैसा, परवाना आणि घड्याळ आहे तो? हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेला पडला नाही, कारण तिच्या लेखकाला कुणी पहाटेपूर्वी थांबवले नव्हते. आमच्या माणसांना थांबवले आहे. म्हणून हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आज मराठी-हिंदी मालिका शेकडो भागांवरून आठ भागांवर आल्या आहेत आणि या बदलाची चर्चा फक्त ‘दर्जा सुधारला’ एवढ्या दोन शब्दांत संपवली जात आहे, तेव्हा तर तो विचारलाच पाहिजे.

माझ्याकडे एक बाड आहे. शिरूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या सोंगाड्याने ते मला वाचायला दिले. वहीची शिवण सुटलेली, पाने पिवळी. त्यात एक वग लिहिलेला आहे आणि त्या वगावर लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत. पहिल्या रेघा पुसट, नंतरच्या ठळक. मी विचारले, ‘‘बाबा, हे कुणी खोडलं?’’ ते म्हणाले, ‘‘म्याच. टाइम कमी झाला ना मास्तर.’’ मग त्यांनी मला प्रत्येक रेघेचा इतिहास सांगितला. ही रेघ जत्रा कमिटीने बारालाच आटपा म्हटले तेव्हाची. ही फौजदाराने कर्णा बंद करायला लावला तेव्हाची. ही फडमालकाने गाण्यांची संख्या वाढवली तेव्हाची. मी ते बाड पुनःपुन्हा पाहिले. त्यात जे खोडले होते त्यातला बराचसा भाग बतावणीचा होता. म्हणजे जिथे सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, नव्या पुढाऱ्याला तोंडावर बोलतो, तो भाग. राजा-राणीची कथा शाबूत होती.

ही गोष्ट एकट्या त्या सोंगाड्याची नाही. शिरूर तालुका हा तमाशाच्या मुलखातला तालुका. पलीकडे जुन्नर तालुक्यात नारायणगाव, जिथे हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात; भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड तिथला, आणि विठाबाई त्याच घरातल्या. अलीकडे दौंड तालुक्यात चौफुला, तिथली संगीतबारीची कला केंद्रे. आणि शिरूर तालुक्यातच कवठे येमाई. या गावचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांनी आयुष्यभर तमाशाच्या फडांना वग आणि गाणी लिहून दिली. २०१८ साली त्यांना शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. फडांची नावे गावोगावच्या भिंतींवर झळकतात. वग लिहिणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच लोकांच्या तोंडी असते. लेखकाला मागे ठेवण्याची ही रीत पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर कशी चालत आली, ते पुढे येईल.

तमाशा हा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांनी जगवलेला प्रकार. गण, गौळण, बतावणी, मग वग. दसऱ्याला फड बाहेर पडायचा आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपल्या की हंगाम सरायचा. रात्र मोठी होती म्हणून वग मोठा होता. आणि वग मोठा होता म्हणून त्यात राजाच्या कथेच्या आडून गावाला चार शब्द ऐकवायची सोय होती. ही सोय राज्यकर्त्यांना नेहमीच खुपली. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर यांच्या राजवटीत, तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा संहिता आधी लिहून मंजूर करून घेण्याची अट आली. जो सोंगाड्या उभ्या उभ्या बोलत होता त्याला कागदावर यावे लागले. कागदावर आलेले कापता येते. अण्णा भाऊ साठ्यांनी याच साच्याला हात घातला. गणपतीच्या वंदनाऐवजी कष्टकऱ्याला वंदन आणले, गौळण काढली आणि वग लोकनाट्य म्हणून उभा केला. त्यांनीही कापले, पण काय कापायचे ते त्यांनी स्वतः ठरवले. फरक हा आहे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि रात्री दहानंतर कर्णा बंद झाला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. म्हाताऱ्या-आजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहे, याविषयी वाद नाही. पण दहाला संपणाऱ्या खेळात वग बसत नाही. मग हिंदी-मराठी चित्रपटांची गाणी, आणि शेवटी वगाच्या नावाने अर्ध्या तासाचा तुकडा. बाडातली सर्वांत ठळक रेघ त्या काळातली आहे.

आता दूरदर्शनकडे येऊ. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते कार्यक्रम पुणे जिल्ह्यात दिसू लागले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने देशातल्या सहा राज्यांत २,४०० खेड्यांना सार्वजनिक संच देण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्याकडे संच आला तो नंतर, ग्रामपंचायतीच्या खोलीत. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते कुठलेही असू शकते. खोलीत सतरंजी होती, सतरंजीवर गाव होते आणि आम्ही खिडकीला होतो. कुणी ‘आत येऊ नका’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणण्याची गरजच पडत नसे. खिडकीच्या गजांतून मी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ पाहिले आणि हसलो. पुण्यातल्या एका ब्राह्मण बिऱ्हाडाच्या अडचणींवर मी का हसत होतो, याचा विचार पुष्कळ नंतर केला. दौंडला माझे मामा रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये संच आल्यावर मी सुट्टीत तिथे जाऊन मालिका पाहू लागलो. तिथे खिडकीत उभे राहावे लागत नव्हते. दौंड जंक्शनने आमच्या कितीतरी घरांना गावकुसाबाहेरून काढून पगाराच्या रांगेत उभे केले. त्या पगारातून आलेला तो काळा-पांढरा संच होता.

त्या काळच्या प्रायोजित मालिकेचे माप तेरा भागांचे असे. तेराच का? वर्षाचे आठवडे बावन्न, त्याचे चार भाग केले की तेरा. अमेरिकेतल्या रेडिओच्या जाहिरात व्यवहारातून आलेला हा हिशेब आहे. त्यात कथेच्या गरजेचा संबंध नाही. प्रायोजकाने तीन महिन्यांचा वेळ घ्यायचा, मंत्रालयाने तेरा भाग मंजूर करायचे, बरे चालले तर सव्वीस, मग एकोणचाळीस, मग बावन्न. तरी या मापाने लेखकाला एक शिस्त दिली, हे मान्य केले पाहिजे. शेवट कुठे आहे हे माहीत असल्याखेरीज पहिला भाग लिहिता येत नसे. या मापाबाहेर पहिली मोठी उडी घेतली ती ‘हम लोग’ने. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या या मालिकेचे लेखन मनोहर श्याम जोशी करत होते. मेक्सिकोत कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी वापरलेला नमुना सरकारने इकडे आणला होता. दीडशेहून अधिक भाग झाले. लोकांची पत्रे येत आणि कथा वळत असे. प्रेक्षकाने लेखकाचा हात धरण्याची ती सुरुवात होती. पत्र लिहिणारा प्रेक्षक म्हणजे ज्याच्या घरी संच, टपालाचे पैसे आणि लिहिण्याची सवय आहे तो, हेही ध्यानात ठेवावे.

आणि मग तो प्रसंग आला, ज्यात भागांची संख्या आमच्या लोकांनी ठरवली. हा प्रसंग दूरदर्शनच्या इतिहासात गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो मुळीच गमतीचा वाटत नाही. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले. मूळ योजना बावन्न भागांची. ते अठ्ठ्याहत्तरांवर गेले आणि ३१ जुलै १९८८ ला संपणार होते. रामाचा राज्याभिषेक झाला, गोष्ट पूर्ण झाली, असे निर्मात्याचे म्हणणे. तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. त्यांची मागणी अशी की उत्तरकांडही दाखवा, कारण आमचे गुरू वाल्मीकी त्या कांडात आहेत. उन्हाळा होता. कचरा साचला, संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला आणि सरकारला पुढचे भाग मंजूर करावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ‘उत्तर रामायण’ सुरू झाले.

हे काय होते? शहराची घाण ज्यांच्या डोक्यावर, त्यांनी झाडू खाली ठेवला तो पगारासाठी नव्हे, तर मालिकेत आपल्याला जागा मिळावी म्हणून. प्रतिनिधित्वाची भूक किती खोल असते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. पण ज्या उत्तरकांडासाठी संप झाला, त्याच कांडात शंबूकाचे मस्तकही तुटून पडते! आणि तारखा पाहा. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. १९८८ च्या जानेवारीत ते वगळण्यासाठी मुंबईत मोर्चा निघाला. फेब्रुवारीत ते राहावे म्हणून आमचा लाखोंचा मोर्चा निघाला. अखेर शासन या मतांशी सहमत नाही, अशा टिपेसह परिशिष्ट राहिले. त्याच महिन्यांत, दर रविवारी सकाळी, आमच्याच वस्त्यांतून लोक आंघोळी करून ‘रामायण’ पाहायला बसत होते. मोर्च्याला गेलेले माझे मामासुद्धा. मी त्यांना छेडले तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, दुसरं दाखवतात काय?’’ या उत्तराची टर उडवण्याइतका मी आज तरुण राहिलेलो नाही.

नव्वदीत उपग्रह वाहिन्या आल्या आणि तेराचे माप मोडले. सह्याद्री वाहिनीवरची ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी बारा वर्षे चालली. तीन हजारांहून अधिक भाग. तीन हजार भागांत एका समाजाचा इतिहास सांगून होईल. तिथे एका देशमुखांच्या घरातली सासू-सुनांची उलथापालथ सांगितली गेली.

दैनंदिन मालिकेचे लेखन कसे चालते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचा बदल कळणार नाही. अर्ध्या तासाच्या वेळात मालिका असते बावीस मिनिटांच्या आसपास, उरलेले जाहिरातींचे. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला पंचवीस-सव्वीस. एका माणसाने हे लिहिणे अशक्य. म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर वाहिनीची माणसे. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर कोण मरणार, कोण गरोदर राहणार हे ठरते. शेवट कुणालाच माहीत नसतो. शेवट माहीत नसलेल्या गोष्टीत माणूस बदलू शकत नाही. बदलला तर उद्या कशाने भांडणार? म्हणून तोच खलपणा, तोच सोशिकपणा, तोच उंबरठा. लोक याला ‘पाणी घालणे’ म्हणतात. पण पाणी घातले तरी भांडे कुणाचे हे महत्त्वाचे आहे. देशमुख, सुभेदार, इनामदार ही आडनावे चालतात, कांबळे कामाला असतो. आणि त्याचीही जात कुणी उच्चारत नाही. जाहिरातदाराला कुणीही दुखावलेले नको असते, आणि जातीचे नाव घेतले की दुखावणारे आपण असतो असा त्यांचा समज आहे.

याच चौकटीत दोन मालिका आल्या, त्यांची हकीगत एकत्र वाचावी. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका स्टार प्रवाहवर मे २०१९ मध्ये सुरू झाली आणि मधली टाळेबंदी धरून ऑक्टोबर २०२० पर्यंत चालली. शिरूरच्या आमच्या वस्तीत त्या वेळी रस्ता रिकामा होत असे. बायका पडद्यावरच्या रमाईसाठी रडत. मी शिक्षक म्हणून चुका काढत बसलो, आणि माझ्या आईने मला गप्प केले. ज्या गोष्टीसाठी आम्ही खिडकीच्या गजांना धरून उभे होतो, ती अखेर आमच्या घरात, रोज, नावानिशी येत होती. ‘सावित्रीजोती’ ही सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये आली. हरी नरके यांच्यासारखा अभ्यासक संशोधनासाठी पाठीशी होता. प्रेक्षकसंख्या पुरत नाही म्हणून ती डिसेंबरात, वर्ष पुरे होण्याच्या आत, बंद झाली. सासूला बारा वर्षे आणि सावित्रीबाईला बारा महिनेही नाहीत. हा दोष वाहिनीचा एकटीचा म्हणता येणार नाही. पाहणारे कुठे होते? शिक्षक कुठे होते? मी स्वतः किती भाग पाहिले, याचे उत्तर मला द्यायला लाज वाटते.

शिरूरला तर मालिकेने आणखी एक गोष्ट दाखवली. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत झी मराठीवर चालली. तिच्यातल्या संभाजी महाराजांच्या भूमिकेने घराघरांत पोचलेले अमोल कोल्हे मालिका चालू असतानाच, मे २०१९ मध्ये, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. त्यांच्या गुणदोषांविषयी मला इथे काही म्हणायचे नाही. रोज रात्री अर्धा तास घरात येणारी गोष्ट किती मोठे राजकीय बळ असते, एवढे त्यातून घ्यावे. आणि संभाजी महाराजांची समाधी कुठे आहे? वढू बुद्रुकला, याच शिरूर तालुक्यात. त्यांच्या देहावर गोविंद गोपाळ महार यांनी अंत्यसंस्कार केले, ही आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी हकीगत. ती नाकारणारेही गावात आहेत. २९ डिसेंबर २०१७ ला त्या गोविंद गोपाळांच्या समाधीची नासधूस झाली, फलकावरून वाद पेटला, आणि तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला आलेल्या लोकांवर कोरेगाव भीमा-सणसवाडीच्या रस्त्यावर हल्ले झाले. एकीकडे संभाजी महाराजांची कथा रोज रात्री सविस्तर, अडीच वर्षे. दुसरीकडे त्यांच्या समाधीच्या गावची, त्याच आठवड्यातली आमची कथा वृत्तवाहिन्यांवर काही सेकंदांच्या चित्रफितीत, दिवसभर तीच ती. जळणारी गाडी, पळणारी माणसे, पुन्हा जळणारी गाडी. चौकशी आयोग नेमला गेला. त्याला मुदतवाढी मात्र एखाद्या दैनंदिन मालिकेसारख्या मिळत गेल्या.

आता आठ भागांकडे. इंटरनेटवरच्या मंचांनी २०१६ नंतर आपल्याकडे पाय पसरले. २०१८ च्या ‘सेक्रेड गेम्स’चे पहिले पर्व आठ भागांचे होते आणि ते माप रूढ झाले. मराठीत ‘समांतर’ नऊ भागांची, ‘मानवत मर्डर्स’ आठ. जगभर हेच झाले आहे: अमेरिकेत एकेकाळी वर्षाला एकोणचाळीस भाग निघत, मग बावीस-चोवीस, मग तेरा, आता आठ-दहा. इंग्लंडमध्ये सहा भागांची जुनीच रीत आहे. या बदलाचा लेखनावर झालेला परिणाम खरा आहे. शेवट आधी ठरतो. पूर्ण संहिता लिहून झाल्यावर चित्रीकरण होते. आठवड्याच्या आकड्यांची टांगती तलवार लेखकाच्या डोक्यावर नसते. पात्र पहिल्या भागात असते तसे आठव्या भागात नसते.

आणि एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. दैनंदिन मालिकेने वीस वर्षांत जे केले नाही, ते या छोट्या पर्वांनी केले: जातीचे नाव घेतले. २०२० च्या ‘पाताल लोक’मध्ये पंजाबातल्या एका दलित तरुणाला गुन्हेगार कुणी आणि कसे केले हे दाखवले आहे. २०२३ च्या ‘दहाड’मध्ये दलित फौजदार अंजली भाटी आठ भाग लोकांच्या नजरा सोसते आणि शेवटी वडिलांनी बदललेले आडनाव टाकून मेघवाल हे आपले आडनाव परत घेते. त्याच वर्षीच्या ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात, नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात, एक उच्चशिक्षित दलित मुलगी बौद्ध पद्धतीने लग्न करण्याचा आग्रह धरते. पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर, वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत. हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. या पात्रावरून श्रेयाचा वाद झाला. लेखिका यशिका दत्त यांचे म्हणणे होते की हे आपल्याच आयुष्यावर बेतलेले आहे आणि त्याची नोंद नाही. निर्मात्यांनी ते नाकारले. लिहिणाऱ्याचे नाव कुणी घ्यायचे, हा कवठे येमाईचा प्रश्न मुंबईतही आहेच.

पण सात भागांपैकी एक भाग आमचा. उरलेल्या सहांत आम्ही कुठे आहोत? छोट्या पर्वात जागा मोजकी असते, आणि मोजक्या जागेत दलित माणूस येतो तो जखम म्हणून, खून म्हणून, पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे प्रेत म्हणून. ‘मानवत मर्डर्स’ पाहा. १९७२-७४ च्या परभणी जिल्ह्यातल्या खुनांची ती कथा पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेतून आठ भागांत बांधली आहे. तिच्यात पारधी बाई आहे. शिरूर, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात पारध्यांची पाले आहेत. १८७१ च्या कायद्याने त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, १९५२ साली तो शिक्का कागदावरून गेला, पोलिसांच्या मनातून गेला नाही. हे सगळे सांगायला वेळ लागतो. पालावरची सकाळ, शाळेतून परत पाठवलेले पोर, चोरी झाली की रात्री येणारी गाडी, आणि या सगळ्यात होणारी लग्ने, भांडणे, थट्टा. खुनाच्या कथेत हे बसत नाही. दैनंदिन मालिकेकडे हा वेळ होता, पण तिने आमचे नाव घेतले नाही. छोट्या पर्वाने नाव घेतले आणि त्याच्याकडे वेळ नाही.

याहून बिकट गोष्ट पोटाची आहे आणि तिच्याविषयी साहित्यिक मंडळी बोलत नाहीत. दौंड तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईला गेला. बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारा. एका मालिकेत त्याला संवादलेखकाचा मदतनीस म्हणून काम मिळाले. महिन्याला पंचवीस भाग, दर भागाला ठरलेले थोडे पैसे, पण महिनाअखेर हातात येणारे. तो म्हणतो, ‘‘सर, मी तिथं सासवांचंच लिहीत होतो, पण लिहायला शिकलो.’’ ती सुमार, पाणी घातलेली मालिका त्याची शाळा होती. आता आठ भागांसाठी दोन लेखक पुरतात. ते वर्ष-दोन वर्षे लिहितात, पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पर्व मंजूर झाले नाही तर मिळतही नाहीत. ही वाट पाहणे कुणाला परवडते? ज्याचे मुंबईत घर आहे, बापाचे निवृत्तिवेतन आहे, त्याला. कल्याणच्या पलीकडे भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्याला नाही. अमेरिकेत लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला, त्यातली एक मुख्य तक्रार हीच होती: पर्वे आखूड झाली, लेखकांच्या खोल्या लहान झाल्या, कामाचे आठवडे घटले, नवख्याला शिकायला जागा उरली नाही. त्यांच्या करारात पर्वाच्या लांबीनुसार किमान किती लेखक घ्यावेत याचा आकडा आला. आपल्याकडे मालिकेतल्या नवख्या संवादलेखकासाठी असा आकडा मागायला कोण उभे राहणार?

तो विद्यार्थी आता परत आला आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीवर त्याने आठ भागांचा आराखडा केला होता: वाफेचे इंजिन, संप, जयंतीची मिरवणूक, क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस. तो त्याने मुंबईत एकाला दाखवला. त्या गृहस्थांनी विचारले, ‘‘यात गुन्हा कुठे आहे?’’ तो माझ्याकडे आला तेव्हा चिडलेला होता. मी त्याला सोंगाड्याचे बाड दाखवले. त्याने ते रात्रभर वाचले आणि सकाळी म्हणाला की या रेघांच्या खालचे सगळे वाचता येते आहे.

सध्या तो आणि शिरूरच्या महाविद्यालयातल्या दोन मुली मिळून अशी बाडे गोळा करून उतरवून काढत आहेत. दोन पूर्ण झाली. तिसऱ्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. मुलींनी विचारले की खोडलेल्या ओळी गाळायच्या का. मी त्यांना सांगितले आहे की त्या आधी उतरवा, आणि रेघ कुणाच्या सांगण्यावरून मारली ते बाबांना विचारून समासात लिहा.